गोवर आणि परदेश प्रवास: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र आली की बडोद्यात एनआरआय सीझन चालू होतो तो थेट जानेवारीपर्यंत, गरबा, लग्नं, मुंजी सगळं त्यातच, आणि मे-जूनपासून पोरांची बाहेर शिकायला जायची धावपळ. दोन्ही वेळेला फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळे इथे लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, लसीकरणाच्या कामात आहे, त्यामुळे कोणाला कुठला डोस कधी ते शेवटी तुमच्या डॉक्टरनेच ठरवायचं. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. गोवर म्हणजे गुजराती लोक ओरी म्हणतात तेच ना? आणि कांजिण्या?

हो, ओरी तेच. कांजिण्या म्हणजे अछबडा, तो वेगळा विषाणू, त्यात पाण्याने भरलेले फोड येतात. गोवरात आधी तीन-चार दिवस चांगला ताप, कोरडा खोकला, नाक वाहतं, डोळे लाल होऊन उजेड सहन होत नाही, आणि मग लाल पुरळ कानामागून, कपाळावरून सुरू होऊन खाली अंगभर उतरतं. पुरळ यायच्या आधी गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू शकतात. रुबेला म्हणजे जर्मन गोवर, तो तिसराच. नुसतं पुरळ बघून घरच्या घरी आजाराला नाव देऊ नका, खात्री रक्ताच्या किंवा घशाच्या तपासणीनेच होते.

२. आमच्या लहानपणी वाड्यात सगळ्यांना व्हायचा, मनुकांचं पाणी पिऊन बरे झालो, आता एवढा गाजावाजा कशाला?

हा मेसेज मला दर वर्षी येतो आणि पाठवणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. जे बरे झाले तेच आज ग्रुपवर मेसेज टाकतायत हो, जे गेले ते कुठून टाकणार. गोवराने न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, कान फुटतात, साधारण हजारात एकाला मेंदूला सूज येते, आणि क्वचित एखाद्या मुलाला गोवर बरा होऊन सात-दहा वर्षं झाल्यावर मेंदू हळूहळू निकामी करणारा आजार होतो ज्याला उपाय नाही. शिवाय आधीच्या आजारांविरुद्ध शरीराने जमवलेली प्रतिकारशक्ती गोवर पुसून टाकतो, म्हणून पुढे कित्येक महिने, कधी वर्षंसुद्धा, मूल सारखं आजारी पडत राहतं. २०२३ मध्ये जगभरात अंदाजे १ लाख ७ हजार लोक गोवराने गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. आपल्याकडे १९८५ पासून ही लस सरकारी कार्यक्रमात आहे म्हणून नव्या आयांनी हा आजार पाहिलाच नाही, आणि न पाहिलेल्याची भीती वाटत नाही.

३. मग हा एका देशातून दुसऱ्या देशात जातो कसा? एअरपोर्टवर ताप बघून अडवत नाहीत का?

सगळी गोम इथेच आहे. लागण झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, कधी सात दिवस तर कधी एकवीस. यातले बरेच दिवस माणूस अगदी ठणठणीत असतो, शॉपिंग करतो, बॅगा भरतो, विमानात बसतो. आणि पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून त्याच्याकडून दुसऱ्यांना लागण व्हायला लागते, तेव्हा फार तर सर्दी-खोकला असतो, आणि सर्दी-खोकल्यासाठी कोण तिकीट कॅन्सल करतं. पुरळ आल्यावरसुद्धा चार दिवस लागण होतच राहते. ताप मोजायच्या कॅमेऱ्याला हे पकडता येत नाही.

शिवाय हा विषाणू हवेतून पसरतो आणि माणूस निघून गेल्यावरही त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. लस न घेतलेले, आधी गोवर न झालेले दहा जण पेशंटच्या जवळ राहिले तर नऊ जणांना होतो. म्हणजे लाउंजमध्ये तुम्ही त्याला बघितलं पण नसेल, तो त्याच्या गेटवर गेला, तुम्ही येऊन बसलात, झालं.

विमानाच्या आधीही हे असंच होतं, फक्त वेळ जास्त लागायचा. १८७५ मध्ये फिजीचा राजा सिडनीला जाऊन ब्रिटिश युद्धनौकेवरून परत आला, बरोबर गोवर आला, भेटायला बेटाबेटांवरचे प्रमुख जमले आणि तो घेऊन आपापल्या गावी गेले. सुमारे चाळीस हजार माणसं मेली. जहाजाचा प्रवास लांबला तर निदान वाटेत पुरळ उमटून कळायचं तरी, आता अहमदाबादहून निघून दुबई किंवा दोहाला बदलून लंडन-टोरोंटो एका दिवसात होतं.

४. विमानात माझ्या पुढे कोणाला गोवर असेल तर? मास्क लावून काम होईल?

पेशंट सापडला की आरोग्य खाती साधारणपणे त्याची रांग आणि पुढच्या-मागच्या दोन-दोन रांगांतल्या लोकांना शोधतात, मांडीवरच्या बाळांना मात्र कुठेही बसलेली असली तरी. विमानातली हवा फिल्टर होत असते म्हणून उडत्या विमानापेक्षा मला स्वतःला चेक-इनची लाइन, बस, इमिग्रेशनचा हॉल याची जास्त काळजी वाटते. मास्कने थोडा फरक पडतो पण बारा-चौदा तास कोण नीट लावतं, मध्ये दोनदा जेवण येतंच. मास्क लसीच्या जागी चालत नाही.

५. अमेरिका-कॅनडातून गोवर गेला होता ना? मग परत कुठून आला?

गेला होता म्हणजे तिथल्या तिथे सतत फिरणं बंद झालं होतं, अमेरिकेत २००० साली आणि कॅनडात १९९८ साली तसं जाहीर झालं. बाहेरून केस येणं कधीच थांबलं नव्हतं. आलेली केस लस घेतलेल्या लोकांमध्ये पडली की विझते, न घेतलेल्यांच्या वस्तीत पडली की पेटते, एवढाच फरक. ते विझायला ९५ टक्के लोकांचे दोन्ही डोस झालेले लागतात.

कॅनडात ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यू ब्रन्सविकमधल्या एका मोठ्या मेळाव्यातून साखळी सुरू झाली, ऑन्टारियो-अल्बर्टापर्यंत पसरली, वर्ष झालं तरी तुटली नाही आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये देशाचा गोवरमुक्त दर्जा गेला. २०२५ मध्ये तिथे पाच हजारांवर केसेस झाल्या. त्याच वर्षी टेक्सासच्या पश्चिम भागात एका लसीकरण कमी असलेल्या समाजात मोठी लाट आली, अमेरिकेत वर्षभरात दोन हजारांच्या वर, १९९२ नंतर सगळ्यात जास्त. आणि टेक्सासला जाऊन आलेल्या एका मुलाबरोबर तो मेक्सिकोत चिहुआहुआला पोचला. विषाणूचा वंश तपासता येतो म्हणून हे धागे जुळवता येतात, या तिन्ही ठिकाणी तोच डी८ जातीचा विषाणू होता.

लहान देशाचं काय होतं ते सामोआत दिसलं. दोन लाख वस्ती, लसीकरण घसरलेलं, २०१९ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या प्रवाशाबरोबर गोवर आला आणि ८३ माणसं गेली, जवळजवळ सगळी लहान मुलं. डिसेंबरमध्ये दोन दिवस अख्खा देश बंद ठेवून टीम घरोघर गेल्या, ज्या घरात कोणाचा डोस राहिलाय त्यांनी बाहेर लाल कापड लावायचं.

६. मग आपल्याकडून तिकडे जातो की तिकडून आपल्याकडे येतो?

दोन्ही. यावरून ग्रुपवर भांडणं होतात म्हणून सरळ सांगते, जगात जास्त केसेस असलेल्या देशांच्या यादीत भारत नेहमी वर असतो, म्हणून तिकडचे डॉक्टर इंडिया ट्रिप म्हटलं की पहिला प्रश्न गोवराच्या लसीचा विचारतात आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात मोठा उद्रेक झाला, त्याच नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या टीम अहमदाबाद, रांची आणि मलप्पुरमलाही गेल्या, यातलं अहमदाबाद तर आपल्यापासून दोन तासांवर. आणि दुसऱ्या बाजूने, टोरोंटोहून गरब्याला आलेलं लस न घेतलेलं मूल आता आपल्याकडे पण गोवर आणू शकतं. पासपोर्ट कुठला ते विषाणू बघत नाही, डोस कोणाचा राहिला तेवढंच बघतो.

७. नातू आठ महिन्यांचा आहे, डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, तिथे पहिला डोस वर्षानंतर देतात, काय करू?

तिथल्या डॉक्टरला आत्ताच विचारा. परदेश प्रवास करणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक जादा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) डोस लवकर द्यावा असा अमेरिकेचा स्वतःचाच नियम आहे, निघायच्या निदान दोन आठवडे आधी. हा डोस नंतर मोजत नाहीत, वर्ष झाल्यावर परत दोन घ्यावेच लागतात, म्हणून आई-बाप कंटाळा करतात, तो करू देऊ नका.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लस देत नाहीत, आईकडून आलेल्या अँटीबॉडीजवर काही दिवस निभावतं पण त्या भराभर कमी होतात. अशा बाळाचं बारसं दोनशे माणसांच्या हॉलमध्ये करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आजी रागावेल, रागावू दे.

८. आमच्या मुलाला नऊ महिने आणि दीड वर्षाला एमआर (गोवर-रुबेला) दिलीय, ममता कार्डवर (सरकारी लसीकरणाच्या कार्डवर) आहे, तिकडे शाळेत चालेल ना?

सगळ्यात जास्त घोळ याच्यात होतो. आपल्याकडे सरकारी वेळापत्रकात पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, आणि आपल्यासाठी ते बरोबर आहे, कारण इथे बाळांना लवकर गोवर होतो, वर्षभर थांबणं परवडत नाही. पण अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस मोजत नाहीत, कारण तेव्हा आईच्या अँटीबॉडीज मध्ये येतात आणि लस तितकी लागू पडत नाही. नवव्या महिन्यातल्या एका डोसाने साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं, वर्षानंतरच्या एकाने ९३ आणि दोन्हींनी ९७ टक्के.

म्हणजे तुमच्या कार्डवर दोन आहेत पण तिकडच्या हिशोबाने एकच. दुसरं म्हणजे एमआरमध्ये गालगुंडाची लस नसते, एमएमआरमध्ये असते आणि बऱ्याच शाळा ती पण मागतात. खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे गेलेल्या मुलांना बहुतेक वेळा ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं असे एमएमआरचे तीन डोस होतात, त्यांना अडचण येत नाही. बाकीच्यांनी जायच्या आधी इथेच एमएमआर करून घ्यावी, दोन डोसांत कमीत कमी २८ दिवस लागतात हे धरून. झालेला डोस परत घेतला तर अपाय नाही.

९. मुलीला युनिव्हर्सिटीने एमएमआरचं प्रूफ मागितलंय, लहानपणची फाइल घर बदलताना गेली.

फाइल जाणं हे बडोद्यात इतकं कॉमन आहे की विचारू नका, आधी वाड्यातून मांजलपूर मग वासणा रोड, प्रत्येक शिफ्टिंगमध्ये एक पिशवी जातेच. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सरळ २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस नव्याने घ्यायचे आणि लसीचं नाव, तारीख, सही-शिक्का असलेलं सर्टिफिकेट घ्यायचं. दुसरं म्हणजे रक्ताची आयजीजी टेस्ट, अंगात अँटीबॉडीज आहेत का ते बघणारी, लोक त्याला टायटर म्हणतात. गोवर, गालगुंड, रुबेला तिन्ही पॉझिटिव्ह आले तर बहुतेक ठिकाणी चालतं, पण एक जरी निगेटिव्ह आलं तर शेवटी लस घ्यावीच लागते, टेस्टचे पैसे वर. वेळ असेल तर मी लसच सुचवते. २०१८ मध्ये गुजरातमध्ये शाळांत एमआरची मोहीम झाली त्यात १५ वर्षांखालच्या मुलांना डोस मिळालाय, त्याचं कार्ड घरात कुठे सापडलं तर ते पण लावा, त्यात गालगुंड नाही हे लक्षात ठेवून (प्रश्न ८).

१०. एमएमआर आणि टीबीची टेस्ट दोन्ही एकाच महिन्यात करायच्या आहेत.

चांगलं झालं आधी विचारलंत. एमएमआरनंतर काही आठवडे टीबीची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून एकतर दोन्ही एकाच दिवशी, किंवा टीबीची टेस्ट आधी आणि मग लस, आणि लस आधी घेऊन झालीच असेल तर टेस्टला चार ते सहा आठवडे थांबा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हे कळलं की रडारड होते.

११. लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने जातोय, आम्ही दोघं सत्तरीचे, आम्हाला पण लस लागेल का?

बहुतेक नाही. तुमच्या लहानपणी लस नव्हतीच, त्यामुळे गोवर झालेलाच असणार आणि एकदा झाला की संरक्षण जन्मभर टिकतं. याचा सुंदर पुरावा फॅरो बेटांवरचा आहे, तिथे १७८१ नंतर ६५ वर्षं गोवर नव्हता, १८४६ मध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर आला आणि आठ हजारांच्या आतल्या वस्तीत सहा हजार जण आजारी पडले, पण ज्यांना १७८१ मध्ये झाला होता त्या म्हाताऱ्यांना काही झालं नाही. पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने हे घरोघर फिरून लिहून ठेवलं. अमेरिकेत १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना सुरक्षित धरतात ते याच तर्काने. पन्नाशीच्या आतले, ज्यांना गोवर झाल्याचं आठवत नाही आणि डोसाचा कागद नाही, त्यांनी मात्र डॉक्टरशी बोलावं.

१२. व्हिसासाठी ही लस कम्पल्सरी आहे का?

टुरिस्ट व्हिसासाठी साधारणपणे नाही. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाच्या मेडिकलमध्ये वयाप्रमाणे लागते. आपण ज्याला पिवळं कार्ड म्हणतो ते यलो फीवरचं, गोवराचं तसं कार्ड नाही. कम्पल्सरी नाही म्हणजे गरज नाही असा अर्थ आपल्याकडे फार पटकन काढतात.

१३. केनियाला जातोय, यलो फीवर आणि एमएमआर एकत्र चालतात का?

दोन्ही जिवंत लसी आहेत. एका दिवशी देता येतात, नाहीतर मध्ये चार आठवडे ठेवायचे असा साधा नियम. लहान मुलांत दोन्ही एकदम दिल्या तर परिणाम थोडा कमी होतो असं दिसलंय, म्हणून वेळ हातात असेल तर अंतर ठेवलेलं बरं. यलो फीवर सगळीकडे मिळत नाही, ठरलेल्या केंद्रांवरच मिळते, म्हणून आधी तिची तारीख पक्की करा आणि मग बाकीचं बसवा.

१४. सून प्रेग्नंट आहे आणि तिकीट निघालंय.

प्रेग्नन्सीत एमएमआर देत नाहीत. आधी घेतली असेल तर घेतल्यापासून महिनाभर गर्भ राहू देऊ नये. गरोदरपणात गोवर झाला तर गर्भपात, वेळेआधी बाळंतपण असे धोके असतात, म्हणून तिच्या अँटीबॉडीज तपासून घ्या, नसतील आणि जायच्या ठिकाणी साथ चालू असेल तर ट्रिप पुढे ढकलता येते का बघा. घरातल्या बाकीच्यांना लस द्यायला काही हरकत नाही, त्यांच्यापासून तिला लागत नाही. केमो चालू असलेले, अवयव बदललेले, स्टेरॉइडचा मोठा डोस घेणारे यांचंही असंच, जिवंत लस त्यांना सहसा चालत नाही, डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करू नका. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही सांगा, लस काही महिने पुढे ढकलावी लागते.

१५. परवा फ्लाइट आहे, आता घेऊन काही उपयोग?

आहे. पूर्ण असर यायला दोन आठवडे लागतात पण काही नसण्यापेक्षा बरं, आणि तुमची ट्रिप दोन दिवसांची थोडीच आहे. लसीनंतर सहा ते बारा दिवसांनी काहींना ताप येतो, हलकं पुरळ येतं, तेव्हा तुम्ही तिकडे असाल म्हणून सर्टिफिकेट हँडबॅगेत ठेवा. त्या पुरळाने दुसऱ्याला लागण होत नाही.

१६. ज्या लग्नात गेलो तिथल्या एका पाहुण्याला गोवर निघाला, आता?

दिवस मोजा. संपर्कापासून ७२ तासांच्या आत लस घेतली तर आजार टळू शकतो. लस चालत नाही अशांना, म्हणजे तान्ही बाळं, गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी असलेले, सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीज) देता येतं. दोन्ही डोस झालेत त्यांनी लक्ष ठेवायचं, बाकी काही नाही. डोस नसेल तर २१ दिवस प्रवास टाळा, हे कोणाला आवडत नाही मला माहितीय, रिटर्न तिकीट असतं, पण प्रश्न ३ परत वाचा.

१७. परत आल्यावर आठवड्याने ताप आणि पुरळ आलंय, सयाजी हॉस्पिटलला घेऊन जाऊ का?

जा, पण आधी फोन करा किंवा एकजण पुढे जाऊन सांगा, पेशंटला तापाच्या ओपीडीच्या लाइनीत उभं करू नका, तिथे दहा तान्ही बाळं असतात. कुठून आलात, कधी आलात, कुठली फ्लाइट, हे न विचारता सांगा, कारण ताप-पुरळाची केस सरकारला कळवायची असते आणि ती माहिती नसेल तर पुढची साखळी शोधता येत नाही. शाळा, ऑफिस, देऊळ पुरळ आल्यापासून चार दिवस बंद. घरात कडुलिंबाचा पाला बांधा, मनुकांचं पाणी द्या, त्याने काही बिघडत नाही, फक्त 'माता आलीय, औषध नको' म्हणून डॉक्टर टाळू नका.

गोवराच्या विषाणूवर खास औषध नाही, पाणी, ताप उतरवणं आणि मुलांना व्हिटॅमिन ए, ते वयाप्रमाणे दोन दिवस लागोपाठ, डॉक्टरच्या हातून. घरी आपल्या मनाने पाजत बसू नका, टेक्सासमध्ये २०२५ च्या साथीत काही मुलांचं लिव्हर जास्त व्हिटॅमिन एमुळे बिघडलेलं सापडलं. श्वास जोरात चालला, मूल पीत नाही, झोपेतून उठवता येत नाही, झटका आला, तर फोनबिन काही नाही, सरळ इमर्जन्सी.

१८. एमएमआरने ऑटिझम होतो असा व्हिडिओ आलाय, खरं आहे का?

नाही. १९९८ च्या ज्या पेपरवरून हे सुरू झालं तो खोटा निघाला, मासिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स गेलं. व्हिडिओ मला परत पाठवू नका.